घट कोणाकडे धरायची

नंदुरबारात सॉफ्टवेअरचं काम घेऊन कोणी नवनीतभाईंच्या ऑफिसात आलं, की त्याची गाठ आधी नूतन पाटीलशी पडते, आणि गडी जरा हिरमुसतोच. तो मोठ्या हौसेनं सांगत असतो, हे करू, ते जोडू, आणि ही बाई विचारते, "यात काय करायचं नाही, ते आधी सांगा." लग्नाच्या बैठकीत कोणी फारकतीचा विषय काढावा, तसं ते लागतं. पण तिचंही खरं आहे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. वजनकाट्याला बिलाचं सॉफ्टवेअर जोडायला घ्यावं, तर निम्म्या कामात शेठ म्हणणार, गोदामाचे कॅमेरेही त्यातच बसवा की! म्हणून कामाची हद्द आधी लिहायची, दोन्हीकडून होकार घ्यायचा, मगच संगणकाला हात लावायचा. हद्द आखण्यात नूतनचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं नवनीतभाई म्हणतात. त्यांनी जिल्ह्याबाहेर कधी पाहिलं नाही, हा भाग वेगळा.

नूतन मूळची ब्राह्मणपुरीची. वडील गेल्यावर शेत काकांनी पाहायला घेतलं आणि ती आईला, मीनाबाईंना, घेऊन नंदुरबारला आली. स्थळं आली, गेली. पुढे पुढे आईनं विचारणं सोडलं नाही, पण हिनं उत्तर देणं सोडलं.

यंदाच्या हिवाळ्यात एक मिरचीचं काम आलं. इथल्या एका व्यापाऱ्याच्या काट्यावरचं वजन थेट बंगळूरूच्या मसाला कंपनीच्या सॉफ्टवेअरात जायला हवं होतं. पहिल्याच व्हिडिओ कॉलला पडद्यावर कंपनीचे साहेब दिसले आणि त्यांच्याशेजारच्या चौकटीत त्यांचा सॉफ्टवेअरवाला, हेमकांत.

हेमकांत म्हणजे कोरीटचा. शहाद्याच्या कॉलेजात दोघांना मिळून एकच संगणक वाट्याला यायचा. ती सांगायची, तो टाइप करायचा. तो बंगळूरूला निघाला तेव्हा ती स्टँडवर गेली होती आणि "सांभाळून जा" एवढंच म्हणाली होती. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस होते. पुढच्या दर कॉलला साहेब यायच्या आधी तो अहिराणीत हळूच विचारायचा, "काय नूतन, बरी शे ना?"

या एका वाक्यावर तिचा आठवडा निघायचा.

तसं काम सोपं होतं. अडलं फक्त घटीवर. ओली मिरची पथारीवर, म्हणजे शहराबाहेरच्या वाळवणाच्या मैदानावर, पसरली की सुकून तिचं वजन घटतं. ही घट इकडच्या सॉफ्टवेअरनं धरायची, की तिकडच्या? नूतननं मनावर घेतलं असतं तर एका बैठकीत निकाल लागला असता. पण निकाल लागला, की कॉल संपणार. पुढचं काम दुसरी माणसं करणार. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिनं हद्द लोंबकळत ठेवली. दर वेळी म्हणायची, "घटीचं अजून एकदा बसून पाहावं लागेल." हेमकांतचीही कधी हरकत नसायची, आणि त्याचा तिनं आपल्या सोयीचा अर्थ काढला होता.

शेवटी नवनीतभाई कावले. "नूतनबेन, सगळ्या मिरच्या वाळी गयात, पन तुन्ही हद्द काही आखाई नही!"

मग शेवटचा कॉल ठरला. बोलता बोलता साहेबांचं चित्र थिजलं, नवनीतभाई मोडेम हलवायला उठले. नूतननं घाईघाईनं विचारलं, "आखाजीले येस का?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सगळे घरी येतात; विचारायला काय हरकत होती? नेमकं त्याच क्षणी साहेबांचा आवाज परतला: घट कंपनीकडे नाही, व्यापाऱ्याकडेच धरायची, हे नक्की ना?

"येस," हेमकांत म्हणाला.

साहेबांनी आभार मानले, कॉल बंद झाला, नवनीतभाईंनी टेबलावर थाप मारली. झालं एकदाचं!

नूतन मात्र तशीच बसून राहिली. अहिराणीत येस म्हणजे येतो. मी येस, तू येस, तो येस, सगळ्यांना एकच. त्यानं साहेबांना होकार दिला, की तिला? दुसरी एखादी गप्प राहिली असती आणि आखाजीपर्यंतचे दिवस सुखात काढले असते. पण दोन अर्थांचं वाक्य कागदावर राहू द्यायचं नाही, ही नूतनची खोड. ती बाहेर ओट्यावर आली आणि तिनं फोन लावला.

"ते येस साहेबले व्हतं, का माले?"

"साहेबलेच. तू काही इचारं व्हतं का?"

"आखाजीले येस का, आसं."

तो म्हणाला, "आई-बाबा सुरतले भाऊकडे ऱ्हातस. कोरीटनं घर बंद शे. मी येऊ तं कोनकडे येऊ, नूतन?"

इतकं सरळ तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. उत्तर तिच्या ओठांवर होतं. एकाच शब्दाचं. तिला तो हवा होता, कॉलेजातही हवा होता, आणि आता तर त्यानं स्वतःच दार उघडून धरलं होतं.

"हाव," ती म्हणाली. "ते बी खरं शे."

"बरं मंग," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी ती रिक्षानं घरी निघाली. इतर सवाऱ्या वाटेत उतरल्या. रस्त्याकडेला वाळलेल्या मिरचीचा ठसका होता, म्हणून डोळे पुसले तरी कोणी काही विचारणार नव्हतं. रेल्वे फाटकाशी रिक्षा थांबली. मालगाडी लांबलचक होती, आणि तिच्या खडखडाटात नूतननं ते राहिलेलं उत्तर मोठ्यानं दिलं, "मन्हाकडे. मन्हाकडे ये ना."

रिक्षावाल्यानं मान वळवली. "काय म्हनं ताई? कोठे जानं शे?"

"काही नही, भाऊ," नूतन म्हणाली. "चाल तू."