आतोबांची फिरती टेप

दुसऱ्याचं बोलणं एकदासुद्धा धड न ऐकणारी माणसं जगात खंडीभर आहेत. तेच बोलणं शंभर वेळा आनंदाने ऐकणारा माणूस मी एकच पाहिला, माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीतल्या त्यांच्या वयाच्या मंडळींनी भाट्याच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारायला सुरुवात केली; आतोबांनी कॅसेटी कापायला. वीतभर टेप कापायची, तिची टोकं चिकटवून कडं करायचं आणि जुन्या टेपरेकॉर्डरात घालायचं. मग त्यात भरलेला चार सेकंदांचा आवाज संपतच नाही, गोल गोल फिरत राहतो. वेग कमी-जास्त करायचं बटण त्यांनी स्वतः बसवलं होतं. त्या बटणाने कुकरची शिट्टी बोटीच्या भोंग्यासारखी व्हायची आणि शेजारच्या वकिलांचं खाकरणं वाघासारखं. वकिलांनी ते दोनदा मागून ऐकलं.

दारावर येणाऱ्या मासेवालीची हाक त्यांनी भरून तिलाच ऐकवली. टोपली उतरवून तिने पाच-सहा फेरे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "ह्यो माजा आवाज? मंग गिरायकं येत्यात तरी कशी?" दुसऱ्या दिवसापासून ती हळू आवाजात हाक मारू लागली आणि चार दिवस आळीला बांगडे मिळाले नाहीत. एका गणपतीत त्यांनी आरतीला झांजांचं कडं लावलं आणि नेमकं बंद करायचं बटण अडकलं. झांजा चालू असताना थांबायचं कसं, म्हणून पाहुणे पाठ असतील तेवढ्या आरत्या म्हणत राहिले. मोदक पार निवले. आतोबा एवढंच म्हणाले, "ठेका कुठे हलला नाही, बघितलंस?"

आत्याची या उद्योगाला हरकत नव्हती. फक्त रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की ती गप्प व्हायची.

गेल्या थंडीत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती मुलीकडे पुण्याला गेली. कलमांना मोहोर आलेला, म्हणून आतोबा मागे राहिले. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"घरात सगळी रत्नागिरी भरून ठेवलीय रे," ते म्हणाले. "तुझी आत्या कुठेच नाही."

मी त्यांच्या घरी जाऊन आत्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. त्यांनी टेपरेकॉर्डर जवळ सरकवला. "बोल काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू? जेवलात का? ताक उघडं ठेवू नका, मांजर येतं."

त्या दिवसापासून जेवायला बसले की ते हे कडं लावायचे. कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"चाळीस वर्षं हेच ऐकतोय," ते म्हणाले. "आता कुठे नीट ऐकू यायला लागलंय."

दोन महिन्यांनी आत्या काठी टेकत घरी आली. मीच तिला स्टँडवरून आणलं. आतोबा स्वयंपाकघरात जेवत होते, टेप फिरत होती. पण रोज घासून घासून तिची रया गेली होती. आवाज घोगरा, दूरवरून आल्यासारखा. आत्या दारातच थबकली.

"एवढा म्हातारा झालाय माझा आवाज?"

"टेप झिजलीय गो," आतोबा पानावरून उठत म्हणाले. "तू नाही."

आत्याने काठी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मग नवीन भरा."

मी चपला घालून निघेपर्यंत आतोबांनी घाईघाईने नवी कॅसेट कापून कडं आत घातलं होतं. लाल दिवा लागला होता. पदर सावरून आत्या बसली होती, काय बोलावं याचा विचार करत.