तिकडची सही

विमान पुढच्या शनिवारी होतं आणि सोनटक्क्यांच्या फाइलमध्ये एक कागद अजून आला नव्हता. बाकी सगळं झालं होतं. व्हिएन्नातलं हॉटेल, म्युझियम आणि झूची तिकिटं, एअरपोर्टवर घ्यायला येणारी गाडी. राहिलं होतं ते फक्त मुलांच्या वडिलांचं संमतीपत्र.

हे पत्र म्हणजे काय ते सांगते. अठरा वर्षांखालची मुलं आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच परदेशी निघाली, तर दुसऱ्याने लिहून द्यायचं की माझी हरकत नाही. खाली सही, तीही नोटरीसमोर केलेली. दर वेळी कुणी विचारतंच असं नाही. पण काउंटरवरच्या माणसाने विचारलं आणि कागद नसला, तर मुलं बॅगांवर बसून राहतात आणि विमान निघून जातं. आमच्या एका क्लायंटचं तसं झालं होतं. तेव्हापासून आमची बॉस डेबी हिचा नियम असा, की हे पत्र फाइलला लागल्याशिवाय प्रवासाचे कागद क्लायंटच्या हातात द्यायचे नाहीत.

मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत एकोणीस वर्षं काम करतेय. लहान मुलांना घेऊन युरोप करायचा असला की लोक माझ्याकडे येतात. माझी पद्धत साधी आहे. दिवसात एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी. दुपारी बाग, नाहीतर ट्राम. राजवाड्यातल्या चाळीस खोल्या पाहून मुलं रडतात आणि आईबाप एकमेकांवर चिडतात. सात वर्षांच्या मुलाला राणीचा पलंग दाखवण्यापेक्षा डायनोसॉरचा सांगाडा दाखवावा. तो व्हिएन्नातही आहे. फक्त ते म्युझियम मंगळवारी बंद असतं, हे आधी बघून ठेवावं लागतं.

सोनटक्क्यांचा प्लॅन मात्र माझा नव्हता. दोन वर्षांपूर्वी ट्रॉयहून, म्हणजे डेट्रॉइटच्या बाजूने, सुहास सोनटक्के नावाच्या गृहस्थांचा ईमेल आला होता. मूळचे नागपूरचे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. लग्नाआधी कामासाठी चार महिने व्हिएन्नात राहिले होते आणि आता बायकोमुलांना ते शहर दाखवायचं होतं. ईमेल चक्क देवनागरीत टाइप केलेला. डायनोसॉर, झू, जुना मोठा आकाशपाळणा, सगळं दिवसवार लावलेलं. शेवटच्या दिवसाखाली लिहिलं होतं, "डी नंबरची ट्राम. शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहायचं. मुलं कंटाळतील, तरी मध्ये उतरायचं नाही. तिथे द्राक्षांचे मळे सुरू होतात." एकदा फोनवरही बोलणं झालं. आवाज हसरा होता. मी नंबर नावानिशी सेव्ह करून ठेवला. पुढे त्यांच्या कंपनीत काही गडबड झाली, ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि विषय तिथेच राहिला.

यंदा जानेवारीत त्यांच्या बायकोचा, माधुरीचा फोन आला. शिकागोत नोकरी घेऊन ती मुलांसह नेपरव्हिलला राहायला आली होती. मुलगी रेवा तेरा वर्षांची, मुलगा ईशान सात.

"ताई, यांनी तुम्हाला व्हिएन्नाचा प्लॅन पाठवला होता. तोच करायचाय. स्प्रिंग ब्रेकमध्ये."

"आहे ना माझ्याकडे. चौघं, बरोबर?"

"तिघं. हे गेले ना, नोव्हेंबरमध्ये."

"बरं. तिघं धरते," मी म्हणाले.

दुसऱ्या लाइनवर एक क्लायंट केव्हाचा थांबला होता. शिवाय त्या दिवसांत ट्रॉयकडची बरीच मंडळी नोकरी सुटून नाहीतर बदली होऊन पुण्या-नागपूरला परत जात होती. नवरा तिकडे, बायको-मुलं इकडे, अशी दोन-तीन घरं माझ्या ओळखीत होती. सुहासही गेले असतील, असं मी धरून चालले. तिघांकडे अमेरिकन पासपोर्ट होते. व्हिसाची भानगड नव्हती, त्यामुळे आणखी कुठला फॉर्म भरायचाही प्रश्न आला नाही.

नव्या क्लायंटची माहिती घ्यायच्या आमच्या इनटेक फॉर्मवर एक प्रश्न असतो. दुसरे पालक प्रवासात आहेत का, नसल्यास का नाहीत. अमेरिकन क्लायंटला मी तो पहिल्याच फोनवर विचारते. मराठी बाईला विचारायला माझी जीभ रेटत नाही. कशाला कुणाच्या घरात डोकवा, असं वाटतं. माधुरीच्या फॉर्मवर मी 'नाहीत' वर खूण केली आणि कारणाची रेघ रिकामी सोडली.

मग संमतीपत्राचे आमचे ठरलेले ईमेल गेले, दोनदा. तिचं उत्तर आलं, 'हे लेटर देता येणार नाही.' असं बरेच जण लिहितात आणि नंतर देतात. निघायच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी, मी फोन केला.

"माधुरी, ते लेटर राहिलंय बघ."

"ताई, मला तेच कळत नाहीये. आमच्या केसमध्येही लागतं का ते?"

"सगळ्यांनाच लागतं गं. त्यांना सांग, सही करून पाठवा म्हणावं. तिकडून पाठवलं तरी चालतं."

मला वाटलं फोन कट झाला.

"तिकडून?" तिने विचारलं.

"हो, स्कॅन करून. तिकडचा नोटरीही चालतो. दोन दिवसांचं काम आहे."

"मी नंतर बोलते, ताई."

संध्याकाळी तिचा एका ओळीचा ईमेल आला. ट्रिप कॅन्सल करा.

मी तो डेबीला दाखवला. म्हटलं, नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय, तो सही देत नसणार आणि मुलं मधल्या मध्ये भरडली जातायत.

"मग कॅन्सल कर," डेबी म्हणाली.

"एक फोन करून बघते."

"कुणाला?"

"नवऱ्याला. मला ओळखतो तो."

"सुनीता, आपण तिकिटं विकतो. लोकांचे संसार नीट करत नाही."

तिचं बरोबर होतं. पण मी ऐकलं नाही. आपल्या माणसांशी कसं बोलायचं ते मला कळतं, डेबीला काय कळणार, अशी एक मिजास माझ्यात होती. शनिवारी सकाळी ऑफिसला आले, म्हटलं आता भारतात संध्याकाळ असेल, आणि नंबर तिकडेही तोच असेल असं धरून फोनमधलं सुहास सोनटक्क्यांचं नाव दाबलं.

फोन एका मुलीने उचलला.

"हॅलो, सुहास सोनटक्के आहेत का? मी ट्रॅव्हल एजन्सीतून सुनीता बोलतेय."

उत्तराची वाट न पाहता मी पुढे विचारलं.

"रेवा का गं? बाबा आलेत का इकडे? त्यांना दे जरा फोन."

"धिस इज हिज फोन," ती म्हणाली. "आय यूज इट नाऊ."

मला तरीही कळलं नाही. मी म्हणाले, मग त्यांचा तिकडचा नंबर दे.

"आंटी, बाबा डाइड. इन नोव्हेंबर. आई सेड शी टोल्ड यू."

काय बोलले ते आठवत नाही. तिकडून सही, तिकडचा नोटरी, स्कॅन करून, हे सगळं मी त्या बाईला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. मला माझीच किळस आली.

रेवाच पुढे बोलली. आता मराठीत, हळू, शब्द जुळवत. "आंटी, त्या लेटरमुळे आपण जात नाहीये का? ईशानने बॅग पॅक केलीय." मग म्हणाली, "मी करू का साइन? मला बाबांची सही येते."

"नको बाळा," मी म्हणाले. "त्याची गरज नाही. आई कुठे आहे?"

माधुरी ईशानला पोहायच्या क्लासला घेऊन गेली होती. क्लास कुठे असतो ते मी रेवाला विचारून घेतलं आणि डेबीला सांगून निघाले. बाहेर मार्चमधला मळकट बर्फ रस्त्याकडेला अजून पडलेला होता. स्विमिंग पूलच्या इमारतीत पालकांसाठी बाकं आहेत आणि मध्ये मोठी काच. माधुरीला मी याआधी एकदाच पाहिलं होतं, पण ओळखलं. ती कोट न काढताच बसली होती. पलीकडे लाल टोपी घातलेला ईशान पाण्यात पाय मारत होता. काचेमुळे त्याला आमचं बोलणं ऐकू येणार नव्हतं.

मी शेजारी बसले. "माधुरी, मला कळलंच नव्हतं. तू 'गेले' म्हणालीस आणि मला वाटलं इंडियात गेले."

तिने ईशानचा टॉवेल मांडीवर ओढून घेतला.

"काल 'तिकडून' म्हणालात तेव्हा कळलं मला, की तुम्हाला कळलं नाहीये," ती म्हणाली. "पण परत सांगायचं माझ्यात नव्हतं. ताई, जानेवारीत तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात ना, मला इतकं हलकं वाटलं होतं. तोवर जो तो सॉरी म्हणत होता, डोळे पुसत होता. म्हटलं, ही एक बाई आहे, जी पुढचं बोलते."

ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तीच तिला आधाराची वाटली होती. मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो. शेजारच्या बाकावरचा एक बाप उठून लांब जाऊन उभा राहिला.

मग मी कामाचं बोलले, कारण तेच मला येतं. अशा वेळी संमतीपत्र लागत नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुरते.

"आहे ती," ती म्हणाली. "पण ताई, काउंटरवर तो माणूस ते मोठ्याने वाचणार. मग प्रश्न विचारणार. ईशानसमोर. रेवाचं ठीक आहे, पण हा अजून अधूनमधून विचारतो, बाबा कधी येणार. मला एअरपोर्टवर ते नकोय. त्यापेक्षा जायलाच नको."

म्हणजे अडचण कागदाची नव्हती. तो कागद कुणी कसा हातात घेईल, याची होती. एकोणीस वर्षांत माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी मी एक पाकीट तयार केलं. आत दाखल्याची प्रत आणि त्यावर आमच्या लेटरहेडवर मोठ्या अक्षरांत तीन ओळी. कृपया मनात वाचा. मुलं सोबत आहेत. काही विचारायचं असल्यास आईला बाजूला घेऊन विचारा. डेबीने ते वाचलं, खाली स्वतःची सही केली आणि म्हणाली, "अशी तीन पाकिटं कर. इथे, व्हिएन्नात आणि परत येताना."

पाकिटं पाहून माधुरी निघायला तयार झाली. शनिवारी मी ओहेअर विमानतळावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट पाहिले आणि विचारलं, "आणि डॅड?" माधुरीने पाकीट पुढे केलं. बाईने ते उघडलं, वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि दोन्ही हातांनी माधुरीला दिलं. मग काउंटरवरून वाकून ईशानला विचारलं, "विंडो की आइल?"

"विंडो," ईशान म्हणाला.

सिक्युरिटीच्या रांगेपर्यंत मी सोबत होते. रेवाने वळून हात केला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी ऑफिसात एका कुटुंबाला रोममध्ये स्ट्रोलर कुठे चालत नाही ते समजावत होते. टेबलावरचा फोन वाजला आणि स्क्रीनवर नाव आलं, सुहास सोनटक्के. मी तो नंबर तसाच ठेवला होता.

मेसेज रेवाचा होता, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेला. "डी ट्राम, शेवटचा स्टॉप. ईशान कंटाळला, पण आम्ही मध्ये उतरलो नाही." खाली फोटो होता. उघड्या टेकडीवर द्राक्षांच्या वेलींच्या रांगा, अजून पान नाही, आणि पुढे ईशान आणि माधुरी, वाऱ्याने डोळे बारीक केलेले.

मी नंबरवरचं नाव बदलून 'रेवा' करायला घेतलं आणि राहू दिलं.

आमच्या इनटेक फॉर्मवर आता दुसऱ्या पालकांसाठी तिसरी चौकट आहे, 'हयात नाहीत'. मराठी असो की अमेरिकन, तो प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारते, आणि उत्तर नीट ऐकेपर्यंत दुसऱ्या लाइनला हात लावत नाही. फॉर्म छापायला देताना डेबीने विचारलं, "ही चौकट किती जणांना लागणार आहे?"

"आजवर एकदाच लागली," मी म्हणाले, "आणि तेव्हा नव्हती."