ताईचं नाव, जाड अक्षरात

आज माझ्या बहिणीची तेरवी. पत्रिका मीच सेट केली.

दुसऱ्या कोणाला देववली नसती.

अकोल्यातलं आमचं पत्रिकांचं दुकान वर्षाताईनेच उभं केलं. मी बारावी सोडून तिथे बसलो. टायपिंग आणि प्रूफ माझं, डिझाइन तिचं.

तिचा एकच लाडका फॉन्ट. जुन्या छापखान्याच्या वळणाचा, बोल्ड. उभे दांडे जाड, वळणं निमुळती, टोकं कलमाने तासल्यासारखी. आम्ही त्याला 'जाडी' म्हणायचो.

नवरा-नवरीचं नाव जाडीत. किराण्याचा बोर्ड जाडीत. इंग्रजी असलं तरी तिला तशीच जुनी अक्षरं हवी, पायाला टाचा असलेली.

"ज्याले उभं राहाचं हाय त्याले टाच लागतेच," म्हणायची.

गिऱ्हाईक नाजूक फॉन्ट मागायचं. मग ताई दोन्हीची प्रूफं काढायची, ती घेऊन मला दारात उभं करायची आणि गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर न्यायची. तिथून वाचता येईल तेच छापायचं.

जाडीचं एकच दुखणं. तिला जागा लागते. साइज लहान केली की अक्षरांची पोटं बुजतात, छपाईत नुसता डाग उमटतो.

"कोंबू नोको रे तिले," ताई माझ्या मागून ओरडायची.

पत्रिकेसाठी अमरावतीहून काकांनी शोकाकुलांची नावं पाठवली. काका, मामा, जावई, नातवंडं, कोणीच सुटलं नव्हतं. सगळी बसवता बसवता मी ताईच्या नावाची साइज कमी करत गेलो.

स्क्रीनवर 'षा'चं पोट बुजलं.

हात थांबला. काकांना फोन लावला, घाबरतच विचारलं, थोडी नावं कमी करू का? ते म्हणाले, कोणाचं काढशील ते सांग. उद्या लोक मानपानावरून बोलतील, तेव्हा तोंड मला द्यावं लागेल.

फोन स्पीकरवर होता.

बाबा मागच्या खुर्चीत बसले होते. ताई गेल्यापासून ते बोललेच नव्हते. उठून स्क्रीनजवळ आले.

"माह्यं काढ पयले."

फोनवर काका हळूच म्हणाले,

"मंग माह्यंई काढ."

सगळीच काढली. खाली फक्त 'घरची मंडळी' ठेवलं. वर ताई, ऐसपैस.

प्रूफ बाबांच्या हातात देऊन त्यांना दारात उभं केलं. मी रस्ता ओलांडला. टपरीवरून वाचलं.

वर्षा.

एकेक अक्षर स्वच्छ.

बाबांचा चेहरा दिसत नव्हता. कागद त्यांनी तोंडासमोर धरला होता. झालं म्हणून मी हात केला, दोनदा केला.

ते कागद खाली घेईनात.

ताई, वाचता येतंय गं. पलीकडून पण.

जा आता सावकाश.