मेल्कची तिसरी बंदूक

मेल्क इंडरगांडला डावा डोळा नव्हता. म्हणजे होता, पण नुसता जागेवर होता. बेचाळिसाव्या वर्षी छपराच्या फळ्या फोडताना ढलपी उडाली आणि डोळ्यात घुसली. आठवड्यानं दवाखान्यातून सुटला आणि त्याच शनिवारी नेमबाजीच्या शेडमध्ये हजर. म्हणाला, "नेम धरताना डावा मिटावाच लागतो. आता तेवढे कष्ट वाचले." असला माणूस. सुतारकाम करायचा, कमी बोलायचा, आणि तीनशे मीटरवरच्या काळ्या ठिपक्याच्या मधोमध गोळ्या घालायचा. स्वित्झर्लंडमधल्या उरीच्या आमच्या खोऱ्यात त्याच्या तोडीचा नेमबाज मी तरी पाहिला नाही. हे मी मैत्रीपोटी बोलत नाही. मैत्रीपोटी मी काय केलं ते पुढे येईलच.

मी योस्ट. खड्ड्यातला माणूस. मोठ्या गावांत आता विजेची लक्ष्यं आली, गोळी लागली की पडद्यावर आकडा. आमचा क्लब अकरा जणांचा, त्यातले चार गुडघ्यांनी गेलेले. आमच्याकडे अजून कागद आणि गोंदपट्टी. लक्ष्यांच्या खाली काँक्रीटचा खड्डा आहे, तिथे एक जण बसतो. गोळी लागली की लक्ष्य खाली ओढायचं, भोक शोधून त्यावर पट्टी चिकटवायची, लक्ष्य परत वर ढकलायचं आणि लांब दांड्याच्या पाटीनं शेडला दाखवायचं, कुठे लागली, किती गुण; मधोमध लागली की दहा. भोक दिसतं फक्त खड्ड्यातल्याला. बाकीचे पाटीवर विश्वास ठेवतात. एकतीस वर्षं ते काम माझ्याकडे होतं आणि एकतीस वर्षांत माझ्या पाटीला कुणी हरकत घेतली नव्हती.

त्या वर्षी मार्चच्या पहिल्याच शनिवारी मेल्कच्या गोळ्या भरकटल्या. सात, पाच, सहा. त्याची बंदूक सैन्यातली. आमच्याकडे नोकरी संपली की शिपायाला त्याची बंदूक ठेवता येते, फक्त तिची सलग गोळ्या झाडायची सोय काढून टाकतात. घोडा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप येऊन बसते. सत्तावन्न सालची बनावट म्हणून तिला सगळे सत्तावन्नच म्हणतात. मेल्कनं ती मांडीवर आडवी घेतली आणि नळीत डोकावला.

"झिजलीय. सतरा हजार गोळ्या गेल्यात हिच्यातून. कुणाचीही झिजेल."

"एकदा डोळा दाखवून घे की," फ्लोरिन म्हणाला. फ्लोरिन क्लबाचा चिटणीस, नेमबाजाशेजारी बसून गुण लिहायचा.

"तू आधी डोकं दाखवून ये. डॉक्टरला काही सापडलं तर मी माझा डोळा नेतो."

सगळे हसले. मीही हसलो.

रविवारी चर्चबाहेर आगातानं, मेल्कच्या बायकोनं, मला बाजूला घेतलं. "योस्ट, तो दाराच्या चौकटींना वाकड्या म्हणतोय. स्वतः बसवलेल्या. ओळंबा लावून बघितला, सरळ आहेत, तरी म्हणतो मध्येच वाकल्यात. मी ल्युसर्नच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे अठरा एप्रिलची वेळ घेतलीय. तो ऐकत नाही. तुझं ऐकेल. एकच डोळा उरलाय रे त्याचा."

मी बोललो. नाही बोललो असं नाही. मेल्कनं रंधा खाली ठेवला आणि मला समजावलं, पोराला समजावतात तसं.

"दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते कळत नाही. आधी बंदूक. चांगली बंदूक हातात असूनही गोळ्या चुकल्या, तर दोष डोळ्याचा. मग मी आपण होऊन जातो अठराला. झालं समाधान?"

झालं. अगदी रास्त बोलला होता.

मग सुरू झाली निवड. बंदूक निवडावी तर मेल्कनं, आम्ही लोक चारचौघांत मिरवायला घेतो. तो म्हणायचा, "एका शनिवारी छान लागणारी मला नको. दर शनिवारी तशीच लागणारी हवी." थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी तो वेगळी धरायचा. चाळीस गोळ्या नळी न पुसता झाडायचा, कुठे अडकते का बघायला. घोड्याला वजन टांगून मोजायचा की दर वेळी तेवढ्याच ओढीला सुटतो का. नेम धरायचा दर्शक काढायचा, परत बसवायचा, पुन्हा झाडायचा. पहिली आणली ती एका विधवेकडची सत्तावन्न, कपाटात पडून राहिलेली, जवळजवळ कोरी. ती एकविसाव्या गोळीला अडली. गोळ्याही आडव्यातिडव्या. परत केली. मग पुतण्याची मागून आणली. ती अडली नाही, पण कधी वर, कधी उजवीकडे. "हिचं मन थाऱ्यावर नाही," म्हणाला आणि तीही परत केली.

तिसरी होती नव्वद सालच्या बनावटीची, हलकी, खालच्या गावच्या दुकानदारानं पंधरा दिवस बघायला दिलेली. अकरा एप्रिलला मेल्क ती घेऊन आला. खड्ड्याकडे निघालो तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"योस्ट, हिच्यातही नाही जमलं तर बंदुकीचा दोष नाही. मग माझ्याकडची शेडची किल्ली फ्लोरिनला देऊन टाकतो, नेमबाजी बंद."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. साठी उलटलेला माणूस, शाळेतून काढल्यासारखा उभा.

पहिली गोळी आली. लक्ष्य खाली ओढलं. सहा, खाली डावीकडे. पट्टी लावली, लक्ष्य वर ढकललं, पाटी हातात घेतली. आणि मी नऊ दाखवला.

खड्ड्यातला फोन वाजला. फ्लोरिन होता. "मेल्क विचारतोय, नीट बघितलंस ना?"

"बघितलं. नऊ. तुला पाटी दिसत नाही का?"

फोनमध्ये मागे मेल्कचं हसू ऐकू आलं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसला तो. मग मी थांबलोच नाही. दहा गोळ्यांचे खरे होते अठ्ठावन्न, मी केले ब्याण्णव.

याला दया म्हणू नका. मला मेल्कशिवाय शनिवार नको होते, एवढंच. दुसरं काय होतं माझ्याकडे? बायको गेलेली, गाई विकलेल्या. मी म्हटलं, एवढा एक दिवस. त्याला जरा धीर येऊ दे, अठराला डॉक्टरकडे तर जाईलच. पण त्यानं सोमवारी बंदूक विकत घेतली आणि मंगळवारी आगातानं फोन केला. आवाजात आनंद होता. "अरे, ब्याण्णव मारले म्हणे. म्हणजे डोळा ठीक आहे. मी वेळ रद्द केली. उगाच घाबरले होते."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. "बरं झालं," म्हणालो.

आणि मग सहा शनिवार तेच. एकदा खोटी पाटी दाखवली की दुसऱ्या शनिवारी खरी कशी दाखवणार? मी फक्त अधूनमधून एखादा आठ द्यायचो, खरं वाटावं म्हणून. इतका हुशार मी.

मे महिन्याच्या शेवटी सगळ्या खोऱ्याची मैदानी नेमबाजी असते. बायाबापड्या, पोरं, म्हातारे, सगळे येतात; गोळ्या झाडून सॉसेज खातात. त्या वर्षी ती खालच्या गावी होती. तिथे खड्डा नाही. पडदा आहे.

मेल्क आडवा झाला. पहिली शून्य. दुसरी शून्य. तिसरी एक. "यंत्र बिघडलंय," फ्लोरिन म्हणाला आणि त्याला शेजारच्या लक्ष्यावर घेतलं. तिथेही शून्य. अठराच्या अठरा गोळ्या त्यानं शांतपणे झाडल्या, बंदूक मोकळी केली, उठला आणि मला विचारलं, "पडद्यावर काय लिहिलंय?"

पडदा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता.

ल्युसर्नला गाडी मीच चालवली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या मागे रक्त झिरपत होतं, सरळ रेघा वाकड्या दिसतात ते त्यानंच. "एप्रिलमध्ये आला असतात तर सुया देऊन बराचसा वाचला असता," त्या म्हणाल्या. "आता मधला भाग गेला. कडेकडेनं थोडं दिसत राहील. हे कधी सुरू झालं?"

"पण गेल्या आठवड्यापर्यंत चांगलं होतं," आगाता म्हणाली. तिनं पर्समधून फ्लोरिनच्या सहीचे गुणांचे कागद काढले. "हे बघा ना. ब्याण्णव, एक्क्याण्णव, त्र्याण्णव. न दिसणारा माणूस असं मारेल का?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. कागद उलटसुलट करून बघू लागल्या. मग मी सांगितलं. दाराशी उभा राहून, टोपी हातात धरून, सगळं सांगितलं. आगातानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती कागदांच्या घड्या घालत राहिली, लहान लहान.

तीन आठवडे मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. मग फ्लोरिननं निरोप आणला, मेल्कनं बोलावलंय. दुपारी गेलो. मेल्क स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, मान जराशी तिरकी, मला कडेनं बघायला. आगाता ओट्याशी पाठमोरी उभी. बस कुणी म्हणालं नाही, मीच बसलो.

"अकरा एप्रिल," मेल्क म्हणाला. "आठवतंय?"

"एकूण एक."

त्यानं चाचपडत साखरेच्या वड्यांचं भांडं पुढे ओढलं. एक वडी टेबलाच्या मधोमध ठेवली. "हा ठिपका. आता दाखव. खरं."

"पहिली सहा. खाली डावीकडे."

त्यानं बोटांनी अंतर मोजून दुसरी वडी ठेवली. "पुढची."

"सहा. तिला लागूनच." मग पाच, जरा खाली. मग पुन्हा सहा. मी सांगत गेलो, तो ठेवत गेला. घाई नाही, राग नाही, फळ्यांची मापं घ्यावीत तसं. दहावी ठेवून झाल्यावर त्यानं त्यांच्यावर पंजा पसरला. दहाच्या दहा वड्या पंजाखाली मावल्या. मधली एकटीच बाजूला राहिली.

"सगळ्या एके ठिकाणी," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे बंदूक चांगली होती."

त्यानं हात उचलला नाही. मग ओट्याकडे मान वळवली.

"आगाता, डॉक्टरची ती वेळ किती वाजताची होती?"

"सव्वादहाची," आगाता म्हणाली आणि नळ सोडला.