आप्पा बांधायचे तशी तिरडी

स्मशानातले किस्से कोणी गोळा करायला जात नाही, ते आपोआप साठतात. चिता पेटली की पुढचे दोन-अडीच तास करणार काय? बाकावर बसायचं. पहिला अर्धा तास गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, मग पोरांच्या नोकऱ्या, मग गुडघेदुखी. आणि मग कोणीतरी म्हणतं, "त्या टायमाला काय झालं होतं, आठवतं का रे?" की संपलं! तोंडावर रुमाल धरून हसावं लागतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बिचारे फार जवळचे दिसतात.

मी सुरतेत आलो तेव्हा मला मिशी फुटत होती, आता आहे ती पांढरी आहे. एवढ्या वर्षांत आमच्या नवागामच्या गल्लीतून जेवढी माणसं गेली, त्या बहुतेकांना आम्ही चौघांनी पोचवलं. मी आणि हिंमत पाटील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, सोनवणे रेल्वेत, आणि आमचे पुढारी आप्पा कापड मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधायला. सगळे जळगाव-धुळ्याकडचे. आप्पांनी आवळलेलं पार्सल कोलकात्याला पोचेपर्यंत गाठ तसूभर हलत नसे. त्याच हातांनी ते तिरडी बांधत. दुसऱ्या कोणाला दोरीला हात लावू देत नसत.

आणि त्यांना काळजी एकच होती. दर मयताला शेवटची गाठ मारली की कंबर धरून उठत आणि म्हणत, "सगळास्नी मी बांधी. मनी कोन बांधी?"

आम्ही म्हणायचो, "आप्पा, तुम्ही मरूच नका, सोपं पडेल!"

*

आप्पांची आणि माझी ओळखच भर रस्त्यात झाली. गल्लीतले एक म्हातारे बाबा गेले होते. आप्पा ड्युटीवर, म्हणून उत्साही मंडळींनी घाईघाईत तिरडी बांधली. मीही त्यात होतो. मेन रोडला लागलो आणि डोक्याकडची आडवी काठी सरकली. बाबा एका बाजूला कलले. आम्ही खांदेकरी "अरे धर, अरे धर" करतोय, तेवढ्यात मार्केटकडून एक माणूस सायकल हाणत आला. कमरेला दोरीचं बंडल.

"खाली ठेवा," तो म्हणाला.

"इथं? रस्त्यात?"

"मंग काय घर नेतस?"

त्याने सगळी तिरडी सोडली आणि पहिल्यापासून बांधायला घेतली. मागे कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो, रिक्षा, एक सिटी बस. एका टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "हॉर्न मत बजा भाई. जिसको जाने का है उसको घाई नहीं, तेरे को कायकी घाई?"

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पुढच्या चौकापर्यंत खांदा देऊन परत गेला.

*

मिलमध्ये काय किंवा मार्केटमध्ये काय, शेजारी मेला म्हणून रजा मिळत नसे. नातेवाईकच लागे. म्हणून आप्पा प्रत्येक वेळी शेठला सांगत, काका वारले. पाच-सात वर्षं शेठनी ऐकून घेतलं. एकदा चष्मा काढून विचारलं, "आप्पा, तारे केटला काका छे?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "शेठ, खान्देश बहु मोटुं छे!"

पुढे शेठचे वडील गेले. मोठं घर, माणसांचा तोटा नाही. पण सकाळी सकाळी गल्लीतल्या दुकानावर शेठचा फोन आला आणि दुकानदाराने आप्पांना हाक मारली. शेठ फोनवर एवढंच म्हणाले, "आप्पा, आजे तारा एक काका गया. आवीश ने?"

आप्पा गेले. तिथे तिरडीला ननामी म्हणतात आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार नारळ बांधतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणीतरी हातात नारळ दिले तर ते पिशवीत ठेवायला निघाले होते! मग कळलं, तेव्हा असे बांधले की स्मशानात ते सोडवायला कोयता मागवावा लागला. संध्याकाळी घरी येऊन मात्र त्यांनी दोरीचं बंडल खुंटीला अडकवलं. म्हणाले, "यावेळी खरंच काका गेल्यासारखं वाटलं रे."

*

बायकांचंही सांगायला हवं. गुजरात्यांकडे बेसणं असतं. फोटोला हार, पांढऱ्या चादरी, मंद भजन, आणि वेळ ठरलेली. चार ते सहा. माणसं येतात, हात जोडतात, गुपचूप बसतात, जातात. आमच्याकडे दारावर जायचं म्हणजे गल्लीच्या तोंडापासून गळा काढायचा! मेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सुरात सांगायचे, तेही ज्याच्या दारी जातो त्याच्या कानी पडतील असे.

आमच्या शेजारचे रमणीकभाई, त्यांचे वडील गेले. आप्पांची बायको, म्हणजे आमची आक्का, गल्लीतल्या दहा-बारा जणींना घेऊन निघाली. कोपऱ्यावरूनच सूर लागला, "माय वं, आते कोन पाणीना नळ सुरू व्हयना म्हनीसन हाक मारी वं!" कारण म्हातारबुवा रोज पहाटे नळ आला की सगळ्या गल्लीला उठवायचे. बेसण्यात बसलेली मंडळी दचकली. एकाने भजनाची टेप बंद केली. रमणीकभाई हात जोडून उभे, चेहऱ्यावर घाम.

आतल्या खोलीत त्यांची आई बसली होती. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, जेवत नव्हती, नुसती भिंतीकडे बघायची. आक्काने तिच्या गळ्यात हात टाकला आणि त्या म्हातारीचा बांध फुटला. ती अशी रडायला लागली की बाहेरच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. नंतर म्हातारी म्हणाली, लहानपणी आमच्या गावातही बायका अशाच रडायच्या.

सहा वाजले. रमणीकभाई चाचरत आईला म्हणाले, "बा, टाइम पूरो थयो..."

आतून म्हातारी ओरडली, "घडियाळ उतारी नाख!"

*

सुरुवातीच्या वर्षांत सुरतेत मेलेला माणूस सुरतेत जाळायचा नाही, असाच दंडक होता. गाडी करायची, गावी न्यायचं. हिंमतच्या बाबांनी तर शपथच घातली होती, मला गावच्या तापीवर न्या. ते गेले त्या सकाळी आम्ही गाडीने निघालो. बारडोलीच्या पुढे गाडीने मान टाकली. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि त्या रांगेत आम्ही. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. उन्हं चढायला लागली. बाबांभोवती रचलेला बर्फ वितळायला लागला. एका ट्रॅक्टरवाल्याने स्वतःची ताडपत्री काढून आमच्या गाडीवर सावली धरली, पण सावली किती पुरणार?

हिंमत रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडत होता. "बाबाले तापीवर लई जावानं व्हतं, आप्पा. शब्द देल व्हता."

आप्पा त्याच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "हिंमत, गावनी तापी कोठे जास?"

"सुरतले."

"मंग? बाबा सुरतले थांबना तर गावनं पाणी रोज त्याले भेटाले यी. गावले लई गयात तर सुरतनं पाणी वर चढी का?"

हिंमतने डोळे पुसले. दुसरी गाडी मिळाली ती आम्ही सुरतेकडे वळवली. त्या दिवसापासून गल्लीतली माणसं इथंच जळायला लागली. आम्ही सुरतकर झालो ते रेशन कार्डाने नाही, त्या दिवशी झालो, असं मला वाटतं.

गावचे भाऊबंद भयंकर चिडले. हिंमतचा चुलता गंधमुक्तीला, म्हणजे दिवसाच्या कार्याला, भांडायच्या तयारीनेच आला. विधीसाठी त्याला नदीवर नेलं. समोर सुरतची तापी, हा काठ ते तो काठ भरलेली. चुलता पाच मिनिटं बघतच राहिला. गावाकडे उन्हाळ्यात तो नदीच्या पात्रातून चप्पल न भिजवता पलीकडे जायचा! शेवटी टोपी नीट करत म्हणाला, "मनी बी आठेच करज्यात."

*

सोनवण्यांची आई गेली तेव्हाची गोष्ट. सोनवणे बौद्ध. आप्पा नेहमीप्रमाणे आले, बांबू तासले, तिरडी बांधली. आणि सवयीने तीन विटांवर मडक्यात विस्तव करून, दोरीचं शिंकं बांधून, मडकं हातात घेऊन दारात उभे राहिले. इकडे घरात मेणबत्त्या लागलेल्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील सुरू झालेलं.

सोनवणे बाहेर आले. हळूच म्हणाले, "आप्पा, आमच्यात हे नसतं."

आप्पांनी मडकं खाली ठेवलं. मी त्यांना एवढं गोंधळलेलं कधीच पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांचा माणूस, हात कुठे ठेवावेत कळेना. म्हणाले, "मग मी काय धरू?"

सोनवणे म्हणाले, "माझा हात धरा."

घरापासून घाटापर्यंत आप्पांनी तो हात सोडला नाही.

*

आता शववाहिनी येते. मोबाईलवर मेसेज येतो, खाली जोडलेल्या हातांची चित्रं. गॅसच्या भट्टीत तासाभरात सगळं आटोपतं. सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण तासाभरात किस्सा पुरा होत नाही हो! कोणी रंगात येऊन सांगायला लागतो आणि माणूस येऊन सांगतो, "चालो काका, पती गयुं," म्हणजे आटोपलं. आम्ही निम्म्यावरच उठतो.

स्टीलचं स्ट्रेचर आल्यापासून तिरडीही क्वचितच लागते. आप्पांना ते फार लागलं. एकदा मला गच्चीवर बोलावलं. बांबू आणून ठेवले होते. म्हणाले, "भास्कर, शिकी ले. मले त्या लोखंडवर जावानं नही."

मी तीन रविवार शिकलो. चौथ्या रविवारी आप्पा म्हणाले परीक्षा घेऊ, आणि स्वतःच तिरडीवर आडवे झाले! हिंमत आणि सोनवणे पायाशी, मी आणि रमणीकभाई डोक्याशी. "उचला!" आप्पांनी झोपल्या झोपल्या ऑर्डर दिली. उचललं. दोन पावलं गेलो नाही तर गाठ सुटली आणि आप्पा दाणकन गच्चीवर. पडल्या पडल्या म्हणतात कसे, "नापास!"

तेवढ्यात आक्का चहा घेऊन वर आली. तिने बांबू बघितले, आम्हाला बघितलं, खाली पडलेल्या नवऱ्याला बघितलं. चहाची किटली ठेवली आणि एकेका बांबूची दोरी सोडत गेली. आप्पा म्हणाले, "अवं, शिकाडी राहिनू त्यास्ले." ती म्हणाली, "मी मरसू मंग शिकाडा." त्यानंतर गच्चीवरचा क्लास बंद झाला. आप्पा अधूनमधून माझ्या हातांकडे बघायचे आणि मान हलवायचे. मला फार अपराधी वाटायचं.

*

आप्पा यंदाच्या थंडीत गेले. सकाळी अंघोळ करून बसले होते, बसल्या जागी गेले. त्यांचा मुलगा विलास दुसऱ्या टोकाला मोठ्या सोसायटीत राहतो. तो आला तोच शववाहिनी बुक करून. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, ड्रायव्हरने स्टीलचं स्ट्रेचर बाहेर काढलेलं. मी म्हटलं, "विलास, आप्पांना याच्यावर जायचं नव्हतं रे."

तो म्हणाला, "मला माहितीय काका. मग तुम्ही बांधा ना."

रमणीकभाईंनी बांबू आणले. मी बसलो. सगळी गल्ली बघतेय. एकदा बांधली, हिंमतने हलवून पाहिली, सैल. सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा सैल. सोनवण्यांनी एक टोक धरलं, तरी जमेना. गल्लीतल्या दोन पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला, त्यात कोणीतरी हिंदीत भराभरा सांगत होतं. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. विलास माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू द्या काका. गाडीतून नेऊ." मला दोरी हातातून सोडवेना आणि गाठही मारता येईना. मी तिथंच रडायला लागलो.

घरातून आक्का बाहेर आली. बायकांनी तिला दंडाला धरलं होतं. "आक्का, बायका तिरडीले हात लावतस नहीत वं!" तिने त्यांचे हात सोडवले. माझ्या समोर बसली, माझ्या हातातली दोरी घेतली. मी मारलेल्या सगळ्या गाठी सोडल्या आणि डोक्याकडून सुरुवात केली. कुठे थांबली नाही, कोणाला काही विचारलं नाही. प्रत्येक गाठीला गुडघा टेकवून दोरी ओढायची, अगदी आप्पांसारखी. आम्ही सगळे नुसते उभे. चाळीस वर्षांत तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं की आक्का, तुला येते का?

पायाकडे आली तेव्हा तिचे हात मंदावले. शेवटची गाठ मारली, बोट घालून बघितली, उठली. पदराने तोंड पुसून मला म्हणाली,

"भास्कर, पायकडनी गाठ जराशी ढिली ठेवेल शे. त्यास्ले झोपमा पाय हालवानी सवय शे."