भिंतीलगतची नावं

त्या दिवसांत माझा प्रार्थनेवरचा विश्वास जवळजवळ उडाला होता, आणि आमच्या घरातली प्रार्थना मात्र एकही संध्याकाळ चुकत नव्हती. मुलुंडला रसायनांच्या एका कारखान्याच्या भिंतीलगत बैठी चाळ होती, तिथे आमच्या दोन खोल्या. दिवेलागणीला सासूबाई, मी आणि हे चटईवर बसायचो आणि आमच्या ख्रिस्ती घरांच्या रीतीप्रमाणे पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायचो. यातली गंमत अशी, की प्रार्थना करणाऱ्याला मध्येच अडवता येत नाही. त्यामुळे तोंडावर बोलायचं ते सगळं आम्ही देवाच्या कानावर घालायचो आणि शेजारी बसलेल्याने ते मुकाट ऐकायचं. "प्रभू, या घरातल्या कालवणाला चव येऊ दे," असं सासूबाई अगदी कळवळून मागायच्या. मीही काही कमी नव्हते.

दोन महिन्यांपासून ह्यांनी मोठ्याने प्रार्थना करणं सोडलं होतं. पाळी आली की नुसतं "आमेन" म्हणायचे. जेवण अर्धवट, काही विचारलं की अंगावर यायचे. माझ्या मनात नको नको ते येई. एका संध्याकाळी मी डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, ज्याचं घरात तोंड उघडत नाही त्याचं बाहेर कुठे उघडतं, ते तूच दाखव." डोळे उघडले तेव्हा हे उठून बाहेर गेले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ दारात आले. धोतर, जुना कोट, काखेत छत्री. आमच्या ख्रिस्ती लोकांत म्हणतात तसं "सलाम, बाई," म्हणाले. त्यांना आमच्याच आडनावाचं भांडुपचं एक कुटुंब हवं होतं. पत्ता चुकला, रस्त्यात कुणाला तरी ख्रिस्ती घर विचारलं आणि लोकांनी त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. वस्तीत ख्रिस्ती घर आमचं एवढंच. चहा झाला, ते निघाले, आणि निघताना वडीलधारे विचारतात तसं त्यांनी विचारलं, "प्रार्थनेचा काही विषय?"

सासूबाई गुडघ्यांचं सांगू लागल्या, तेवढ्यात हे म्हणाले, "आहे. माझा आहे."

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात क्लोरीनची मोठी टाकी होती. दर महिन्याला काम थांबवून तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचा आणि सुपरवायझर म्हणून ह्यांनी रजिस्टरात सही करायची. दोन महिने मॅनेजर म्हणत होता, माल जायचाय, काम थांबणार नाही, सही कर. ह्यांनी न तपासताच केली होती. "उद्या तिसरी सही आहे, बाबा. तो व्हॉल्व्ह अडकलाय असं मला वाटतं; आत दाब वाढला तर टाकी फुटेल. भोपाळ होऊन अजून वर्ष नाही झालं."

आणि मी काय म्हणाले? "दोन केल्यात ना? मग उद्याही करा. नोकरी गेली तर जायचं कुठे?" परक्या माणसासमोर म्हणाले. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

म्हातारबाबा रागावले नाहीत. मला म्हणाले, "मुली, या भिंतीलगत कोण कोण राहतं? नावं सांग, म्हणजे नावानिशी मागता येईल." मी सांगू लागले. संपात गिरणीची नोकरी गेल्यापासून घरी बसलेले सावंतकाका. त्यांची बायको, जिच्याशी माझा अबोला होता. बहिरे शिंपी. शेजारची शेवंता आणि तिच्या तीन महिन्यांच्या जुळ्या मुली, रमा आणि गौतमी. शेवंताचा हात भाजला होता म्हणून त्या दोघींना आदल्याच दिवशी मी न्हाऊ घातलं होतं. त्यांचा पाळणा त्या भिंतीलाच टेकलेला असे. मला पुढचं नाव घेता येईना. बाबांनी थोडक्यात प्रार्थना केली, छत्री उचलली आणि ते भांडुपच्या वाटेला लागले.

"अहो, नका करू सही," मी म्हणाले.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते हो. पण नका करू."

सोमवारी ह्यांनी सही केली नाही. मॅनेजरने गेटबाहेर काढायची धमकी दिली, पण रजिस्टर मिटून हे तिथेच बसून राहिले. कारण कळल्यावर टाकीवरच्या ऑपरेटरनेही काम सुरू करायला नकार दिला. शेवटी टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह काढला. गंजून असा बसला होता की हातोड्यानेही हलेना. ह्यांची बदली गोदामात झाली, नोकरी राहिली.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. एका माणसाचा पत्ता चुकला, एवढंच मी बघितलं. पण कुणाला कसं वागवायचं हे मी देवाला शिकवायचे, ते तेव्हापासून सोडलं. आता नावं घेते आणि पुढचं त्याच्या हाती सोपवून गप्प बसते.

मंगळवारी सकाळी नळावर गेले. चाळीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवंता कडेवर रमाला घेऊन माझ्यावर ओरडली, "ए बाई, काढ तुझी बादली! नंबर माझा हाय!" रमाने तिच्याहून मोठा सूर लावला. प्रभू, तुझे किती आभार मानू, असं मनात आलं आणि मला तिथेच रडू फुटलं.

शेवंताला वाटलं, तिच्याच बोलण्याने. बिचारी घाबरली. "अगं, रडतीस काय येड्यावाणी? भर तू आधी," म्हणाली, आणि तिने माझी बादली नळाखाली सरकवली.