घसा बसला, मिशी आली

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. आम्ही नुसते उभे राहिलो तरी समोरच्याचा घोटाळा होतो, की झाला किस्सा तयार!

मी वारंगा फाट्यावर टू-व्हीलरच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. रविवारी दुपारी शिरड शहापूरचा प्रशिक आणि कळमनुरीचा ओंकार तिथं येतात. आम्ही तिघंही ट्रान्स पुरुष. म्हणजे जन्मलो तेव्हा नर्सनं "मुलगी झाली" म्हणून सांगितलं, सगळ्या गावाला पटलं, फक्त आम्हालाच पटलं नाही!

*

प्रशिक छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घट्ट बाइंडर घालतो. एकदा दोरीवर वाळत घातलेला बाइंडर गायब झाला. चार दिवस शोधाशोध. पाचव्या दिवशी त्याची मावशी म्हणाली, "तुझा कमरेचा पट्टा मीच नेला. लई आराम पडला पाठीला! मला बी एक मागवून दे."

दिला मागवून. आता त्यांच्या दोरीवर दोन वाळतात, आणि कुठला कुणाचा यावरून रोज कुरबुर होते.

*

ओंकारनं डॉक्टरांना दाखवून रीतसर हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू केली. आवाज घोगरा झाला. घरी सांगायची हिंमत होईना, म्हणून म्हणाला, "घसा बसला." माय बिचारी सहा महिने हळदीचं दूध पाजत होती!

शेवटी शेजारच्या काकूंनी त्याचं तोंड निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हळद बंद करा वैनी! पोरीला मिशी येऊन राहिली!"

त्या दिवशी ओंकारनं मायला सगळं सांगून टाकलं. ती खूप रडली. तिसऱ्या दिवशी दुधाचा पेला पुढं ठेवून म्हणाली, "पी. हळद टाकली न्हाई."

*

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. प्रशिकच्या आधार कार्डावर अजून 'स्त्री' आहे, तरी हा पूर्ण तिकीट मागतो. एकदा कंडक्टर गावातलाच निघाला.

"अर्धं काहून घेत न्हाईस?"

"मी बाप्या हाय."

कंडक्टरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इथं बापे बायकोचं आधार कार्ड दाखवून राहिले, अन् तू..." तिकीट हातात देत म्हणाला, "अख्ख्या गाडीत तूच एक इमानदार!"

*

आता माझं. मी पुसेगावचा. घरी सांगितलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, मला ना नावानं हाक मारत, ना कशानं. काही सांगायचं असलं की मायकडून निरोप.

आमच्या गावात मुली मिळत नाहीत म्हणून तिशी ओलांडलेली पोरं बसून आहेत. आणि एक पाहुणा गॅरेजात गाडी दुरुस्तीला आला काय, मला पाहिलं काय, थेट आमच्या घरी स्थळ घेऊन हजर! "तुमचं पोरगं निर्व्यसनी हाय. हातात कला हाय. आमची पुतणी बीए झालेली हाय."

अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "सध्या करायचं न्हाई."

पाहुणा गेल्यावर मायला म्हणाले, "शेती किती, ते बी इचारलं न्हाई त्यानं!"

*

मग माझ्या बहिणीचं, अश्विनीचं लग्न ठरलं. मला एकच हवं होतं: मांडवात तिचा भाऊ म्हणून उभं राहायचं. अण्णांचा निरोप आला, "यायचं तर ये म्हणावं. पण मागं बस म्हणावं." फार लागलं मनाला. तरी गेलो, मागं बसलो.

भटजींनी कानपिळीला हाक दिली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, तो मान भावाचा. चुलतभाऊ बालाजी शर्ट सारखा करत उठला.

अश्विनी पाटावरून म्हणाली, "त्याला बसवा. मला सख्खा भाऊ हाय."

मी अण्णांकडं पाहिलं. ते टोपी नीट करत होते. माय मान खाली घालून बसलेली. मी उठलो. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं. नवरदेवाचा कान चाचपून धरला आणि पिळला.

"आई गंऽऽ!" करत नवरदेव पाटावरून अर्धा वर उठला! त्याच्याकडचे लोक उभे राहिले. तेवढ्यात होमाच्या पलीकडून अण्णा ओरडले, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे:

"हळू रे पोरा! कान हाय तो, नट न्हाई!"